एबीएस बत्ती, ओके

फौजेत मी बावीस वर्षं गाड्यांचा मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून घरी आलो. आता सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. येणारा जो तो मला मेजर म्हणतो. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच, त्यामुळे मी ते दुरुस्त करत बसत नाही.

माझा स्वभाव संशयी आहे. बायको म्हणते, तुम्ही घरचा चहासुद्धा तपासून पिता. पितो.

गेल्या द्राक्षहंगामात एकदा सकाळी अकरा वीसला गिरणाऱ्याचा बागायतदार ज्ञानेश्वर शिंदे पिकअप घेऊन आला. गाडी जुनी, दोन महिन्यांपूर्वी एका एजंटकडून घेतलेली.

"मेजर, फक्त ऑइल बदला. दोन वाजता सावळघाट उतरून बाया आणायच्यात, बागेत थिनिंगला, घडातले मणी विरळायला."

"किती?"

"चौदा."

मी गाडीत बसलो. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली. ऑइलची बत्ती लागली, एबीएसची लागली. मनात मोजायला लागलो. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा; ती तीन-चार सेकंदांत स्वतःला तपासते आणि तिची बत्ती आपोआप विझते. दहापर्यंत मोजलं, विझली नाही. मग इंजिन सुरू केलं. ऑइलची आणि एबीएसची, दोन्ही बत्त्या एकाच क्षणी विझल्या. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

"मीटरला कुणी हात लावला होता?"

"कोणीच नाय. का ओ?"

"तुम्ही लावला?"

"मी कशाला लावू? सगळ्या बत्त्या विझतात, बघूनच घेतली ना गाडी."

मला तो खरा वाटला नाही. मीटर खोलला. मागे दोन इंचांची लाल तार होती, टेपने गुंडाळलेली. एबीएसची बत्ती तिच्या जागेवरून तोडून ऑइलच्या बत्तीला जोडली होती. म्हणजे इंजिन सुरू झालं की ती विझणार, मग एबीएस चालू असो की मेलेला असो. शिंदे डोळे फाडून बघत राहिला. तेव्हा कुठे त्याच्यावरचा माझा संशय गेला.

"तुम्हाला कसं कळलं पण?" त्याने विचारलं.

मी कटर शोधायला वळलो. इथे सांगतो. अशी तार मी स्वतः जोडलेली आहे.

आमचं पोस्टिंग तेव्हा उंचावर होतं, बर्फात. रोज सकाळी सहाला गाड्यांची फर्स्ट परेड. ड्रायव्हरने एकेक गोष्ट मोठ्याने म्हणायची आणि मेकॅनिकने स्वतः पाहून "देखा" म्हणायचं, ही आमच्या वर्कशॉपची रीत. एका गाडीवर लान्स नाईक काशीनाथ भोये होता. सुरगाण्याचा, बारीक अंगाचा, आवाज मात्र खणखणीत. एबीएसची बत्ती विझत नाही, हा रिपोर्ट त्यानेच दिला होता. सेन्सर मागवला होता, आला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन होतं.

नायब सुभेदार साहेब एवढंच म्हणाले, "बत्ती नहीं दिखनी चाहिए."

मी तार जोडली. इन्स्पेक्शन पास झालं. संध्याकाळी तार काढायची होती, पण युनिटची मेजवानी, बडाखाना झाला आणि ती राहिली.

सकाळी सहाला भोये ओरडला, "ऑइल बत्ती, ओके! एबीएस बत्ती, ओके!" आणि खिडकीतून वाकून हळूच म्हणाला, "झाली का दुरुस्त, उस्ताद?"

इन्स्पेक्शनचे साहेब अजून तिथेच होते. नायब सुभेदार माझ्या शेजारी उभे. भोये नऊपर्यंत परत येईल, मग काढू, असा मी विचार केला.

"देखा," मी म्हणालो.

आठ दहाला रेडिओवर आलं, "गाडी मोड नंबर सात के नीचे. ड्रायव्हर कॅज्युअल्टी. ओव्हर."

एबीएस मेला तरी साधा ब्रेक लागतो, आणि माणूस तिथेच फसतो. बर्फावर जोरात दाबला की चाकं जागीच अडकतात आणि गाडी घसरत जाते. भोयेला हे चांगलं माहीत होतं. बत्ती दिसत होती तोवर तो ब्रेक थोडा थोडा दाबत, सोडत गाडी उतरवायचा. त्या दिवशी त्याने बिनधास्त दाबला आणि गाडीसकट दरीत गेला. चौकशीत कारण आलं, रस्त्यावरचा बर्फ. मला विचारलं तेव्हा मी तारेबद्दल बोललो नाही. मला माझी लाज वाटते.

मी शिंदेच्या गाडीतली ती लाल तार कापली आणि एबीएसची बत्ती पुन्हा तिच्या जागेवर जोडली. आता ती लागली आणि लागूनच राहिली. स्कॅनर म्हणाला, मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर. स्कॅनरवरही माझा विश्वास नाही. गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं. खडखडलं. बेअरिंग खलास. चाक डुलत होतं आणि त्याच्यासोबत फिरणारी दातेरी रिंग सेन्सरला घासत होती. नुसता सेन्सर बदलला असता तर आठवड्यात तोही गेला असता.

"मेजर, आजचा दिवस जाऊ द्या. ब्रेक तर लागतोय ना?"

"लागतोय."

"मग? बाया तिथं ताटकळतील."

"ताटकळू देत." मी किल्ली खिशात टाकली.

"लय झालं हा! गाडी माझी हाय का तुमची?"

"तुमची. बाया कुणाच्या?"

तो रागाने बाहेर गेला, फोनवर मेव्हण्याला जीप घेऊन घाटात जायला सांगितलं आणि परत येऊन माझ्याकडे न बघता बसला. चार चाळीसला बेअरिंग, रिंग, सेन्सर, सगळं बसलं. मी त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"नुसती किल्ली फिरवा. कोणती बत्ती विझते ते मोठ्याने बोला."

"काय मेजर, शाळा हाय का?"

"बोला."

"ऑइलची चालूच हाय," तो म्हणाला. दोन-तीन सेकंद गेले. "एबीएसची विझली. ओके."

त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं. खिडकीतून आत वाकलो, डोळ्यांनी बत्ती विझताना पाहिली, आणि मगच म्हणालो.

"देखा."

शिंदे गेला. लान्स नाईक काशीनाथ भोये सव्वीस वर्षांचा होता. त्याने मला विचारलं होतं.