बिनपायाच्या सरड्याचा माळ

नर्सरी चालवणाऱ्याकडे रोपांपेक्षा गोष्टी जास्त साठतात. गिऱ्हाईक येतं कढीपत्ता उन्हात ठेवू की सावलीत एवढंच विचारायला, आणि अर्धा तास उभं राहून सासूच्या गुडघ्यापासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत सगळं सांगून जातं. रोपं विकली की शेड रिकामी होते. गोष्टी तशाच पडून राहतात. इथे परदेशात, पॉइंट कुकला दुकान टाकून मला बरीच वर्षं झाली, तेव्हा साठा केवढा असेल बघा. आज फक्त आमच्या शनिवारच्या कंपूच्या सांगतो.

कंपू चौघांचा. कॉलिन, इथलाच, रिटायर्ड प्लंबर. ग्रेस, मूळची केनियाची, क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत गवतावर संशोधन करते. कांबळे, पुण्याचा इंजिनियर, पत्रं लिहिण्यात पटाईत. आणि बारावीला दोनदा आपटलेला मी.

*

सुरुवात कॉलिनने केली. एकदा दुकानात येऊन म्हणाला, "घरावरची जुनी कौलं मिळतील? पन्नासेक?"

मी म्हटलं, "घर बांधतोयस का, मेट?"

"हो. सरड्यांसाठी. पाय नसतात त्यांना."

"मग भाडेकरू चांगले. सोडून जायचे नाहीत."

तो हसला नाही. म्हणाला, "ते नाहीच जात. आपण घालवतो."

आमच्या एस्टेटच्या मागे चार हेक्टरचा जुना माळ उरला होता. तिथे हा बिनपायाचा सरडा राहायचा. करंगळीएवढा जाड, अंगावर पट्टे, बघणाऱ्याला साप वाटावा असा. गवतात तो दिसत नाही, म्हणून माळावर कौलं मांडून ठेवायची. कौल उन्हाने तापतं, सरडा उबेला खाली शिरतो. शनिवारी सकाळी कौल उचलायचं, बघायचं, होतं तसं ठेवायचं. बघितलेलं ग्रेस लिहून घेणार.

माळ एका बिल्डरचा. त्याला तिथे गोडाऊनं बांधायची होती. सरडा दुर्मीळांच्या यादीतला, तेव्हा सापडला की माळ वाचला, असा आमचा हिशोब. पूर्वी कॉलिनला दरवर्षी दिसायचा. मी कंपूत आलो त्यानंतरचे दोन वसंत मात्र कौलाखाली फक्त मुंग्या.

*

पण कौलं तरी जागेवर राहायला हवीत ना.

एका नव्या घरी लिंबाचं झाड पोचवायला गेलो. कुटुंब आपलंच, ठाण्याचं. वहिनींनी कौतुकाने बॅकयार्ड दाखवलं. तुळशीभोवती कौलांचं गोल रिंगण आणि प्रत्येक कौलावर कॉलिनच्या अक्षरात पिवळ्या रंगाने नंबर.

"वहिनी, ही कुठून आणली?"

"अहो काका, मागच्या रानात पडली होती. कुणीतरी फेकून दिलेली. नंबरसुद्धा घातलेत बघा, मुलाचा टेबल्सचा अभ्यास होतो."

मुलगा म्हणाला, "But nineteen is missing, uncle."

मी सगळं समजावून कौलं गाडीत भरली. निघताना वहिनींनी हळूच विचारलं, "म्हणजे तुळशीखाली साप होते की काय?" संध्याकाळपर्यंत त्यांनी तुळस कुंडीत हलवली आणि खालच्या मातीवर काँक्रीट ओतून घेतलं.

*

ग्रेसला मी एकदा विचारलं, "तुमच्याकडे तरी बरं असेल ना? एवढं जंगल."

ती म्हणाली, "आमच्याकडे माणसंही आहेत, शेठ." शेठ हा शब्द तिला कांबळेने शिकवलाय.

मग तिने सांगितलं. तिच्या भागातले गुराखी काटेरी कुंपण घालून रात्री गुरं आत कोंडतात. काही काळ राहतात आणि उठून दुसरीकडे जातात. मागे शेणाचा थर. त्यावर असं गोड गवत येतं, की पुढे कित्येक वर्षं हरणं न् झेब्रे बाकीचं रान सोडून तिथेच चरायला येतात. सगळीकडे सारखंच रान असतं तर निम्मी जनावरं दिसली नसती, असं तिचं म्हणणं. कुठे उंच गवत, कुठे खुरटं, कुठे वारूळ, कुठे हा जुना गोठा. ज्याला जे हवं तिथे तो जातो.

"माणूस आला म्हणून रान मरत नाही," ती म्हणाली. "माणूस उठला नाही की मरतं."

कांबळे म्हणाला, "आम्ही तर कायम राहायचा पीआर घेऊन बसलोय. आम्ही कुठले उठतोय?"

"आणि असे रानाचे तुकडेच हवेत तर इथे काय कमी आहेत?" मी विचारलं.

तिने नकाशावर आमचा माळ दाखवला, मग दुसरा माळ दाखवला. मध्ये घरं, शाळा, फ्रीवे. "झेब्रा चालत जातो. हा सरडा कसा जाणार?"

खरं आहे. ऑफिस सुटायच्या वेळी तो फ्रीवे मलाही ओलांडता येत नाही.

*

आता माझं पाप सांगतो.

आमच्या मंडळाने ठरवलं, वर्धापनदिनाला वृक्षारोपण करायचं. सेक्रेटरी म्हणाले, "मागे ती मोकळी जागा आहे, उगाच पडीक." रोपं कोण देणार? मी. फुकट. वर बोर्डावर दुकानाचं नाव.

मी माळाच्या देशातला माणूस. आमच्याकडेही सातबाऱ्यावर असल्या जमिनीला पोटखराबा लिहितात आणि मग तिथे झाडं लावून फोटो काढतात. तेव्हा मी कंपूत नवा. कौलं दिली होती, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. सरड्यांना सावली होईल, असा माझा आपला शहाणपणा. कॉलिनला सरप्राइज द्यायचं म्हणून सांगितलंही नाही. चाळीस माणसं, पैठण्या, नारळ, प्रत्येक रोपाला हळदकुंकू. पस्तीस झाडं लागली.

शनिवारी कॉलिनने ते बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. आपण मयताला काढतो तशी.

ग्रेस म्हणाली, "शेठ, उघड्या माळावर तुम्ही कावळ्यांना पस्तीस खुर्च्या मांडल्यात. आता ते आरामात बसून सरडे वेचतील."

आम्ही चौघांनी झाडं उपटायला घेतली. तेवढ्यात मंडळातलं कुणीतरी वॉकला आलं. दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, दोन्ही हातांत उपटलेली झाडं घेतलेला मी, आणि खाली ओळ, 'हेच ते पर्यावरणप्रेमी.' दसऱ्याला त्या वर्षी माझ्याकडून कुणी झेंडूचं एक रोप नेलं नाही.

*

झाडं उपटता आली. गवताचं काही करता आलं नाही.

हा माळ अधूनमधून जाळावा लागतो. नाही जाळला तर गवत दाट होऊन स्वतःलाच गुदमरवतं, रानफुलं जातात, सरड्याला सरकायला जागा राहत नाही. या मातीवरचे मूळचे लोक पिढ्यानपिढ्या तसं जाळत आले. कॉलिनने रीतसर परवानगी काढली, बंब यायचा दिवस ठरला. त्या सकाळी कुंपणापलीकडच्या घरांतून इतक्या तक्रारी गेल्या की सगळं रद्द. कुणाच्या वाळत घातलेल्या चादरी, कुणाचा बार्बेक्यू.

कांबळेने घरोघरी पत्रं टाकली. एकच उत्तर आलं. 'निसर्ग आम्हालाही आवडतो, म्हणूनच जाळू नका.'

कांबळे ते पत्र घडी घालून खिशात ठेवत म्हणाला, "इंजिनियरिंगला असा प्रॉब्लेम नव्हता रे. तिथे न समजणारा माणूस निदान विरोधात असायचा."

*

तिसऱ्या वसंतात बिल्डरचा माणूस भेटायला आला. चांगला पोरगा, बूट मात्र नवेकोरे. आमच्याबरोबर चहा घेतला, माझ्या बाकरवड्या खाल्ल्या. म्हणाला, "शेवटची मोजणी करून टाका. मग मशिनं आत येतील."

कॉलिनने विचारलं, "आणि सरडा सापडला तर?"

"No worries. डब्यात घालून दुसऱ्या माळावर नेऊन सोडू. त्याची सगळी व्यवस्था आहे."

"म्हणजे सापडला तरी इथे बांधणार?"

"हो, ते तर मंजूर झालंय." त्याला खरंच नवल वाटलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

आम्हाला कुणीच काही सांगितलं नव्हतं. आमचं आम्हीच ठरवलं होतं.

ग्रेसने विचारलं, "आधी नेऊन सोडलेल्यांपैकी परत कुणी दिसला?"

त्याने फोनमध्ये बघितलं. "अजून तरी नाही. पण तिथे मोजणी चालू आहे."

*

शेवटची मोजणी शनिवारीच केली. ऊन छान पडलं होतं. कॉलिन कौल उचलायचा आणि ओरडून सांगायचा, ग्रेस लिहायची, कांबळे आणि मी मागून गवत बाजूला करत होतो. मुंग्या. गोगलगाय. काही नाही. काही नाही. ओळीमागून ओळ तेच. बिल्डरचा पोरगा रिकामा डबा घेऊन कुंपणापाशी उभा होता.

शेवटून तिसरं कौल कॉलिनने उचललं आणि तो तसाच वाकून राहिला.

मी आयुष्यभर गल्ल्यामागे उभा राहिलोय. माणूस काही लपवत असला की मला त्याच्या खांद्यावरून कळतं. मी दोन पावलं पुढे गेलो. कौलाखाली दोन होते. एकमेकांना लागून, निवांत.

कॉलिनने कौल दोन्ही हातांनी खाली ठेवलं. इतकं हळू, की काठाचं गवतही दबलं नाही.

"काही नाही," तो म्हणाला. सापडले म्हटलं तर आजच डब्यात; नाही म्हटलं तर मशिनं येईपर्यंत तरी आपल्या घरात.

ग्रेस माझ्या शेजारी उभी होती. माझ्याहून उंच आहे ती. केनियात भाजणाऱ्या उन्हात उभं राहून तिने वर्षानुवर्षं जनावरं मोजली, आणि एक आकडा खोटा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तिने एकदा वर्गाबाहेर काढलं होतं, हे मला कांबळेने सांगितलेलं.

तिने पेन उघडलं. कॉलिनकडे बघितलं, मग कुंपणापाशी पोराच्या हातातल्या त्या डब्याकडे.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "मला नीट ऐकू आलं नाही."

"काही नाही."

तिने शून्य लिहिलं.