हलक्या गोळ्या

फोर्थ ऑफ जुलैच्या फटाक्यांचा वास आला की माझा उजवा खांदा अजून ठणकतो.

ऐंशीच्या दशकात, अमेरिकेतल्या ट्रॉय गावी, आम्ही दोन जोडपी रायफल रेंजवर गेलो होतो. मित्राच्या नाजूक बायकोसाठी, सुलभासाठी, ह्यांनी दुकानात चार खोके पारखून खांद्याला कमी धक्का देणाऱ्या गोळ्या निवडल्या. मला नेहमीच्याच. "तुला काय, तू खमकी आहेस!"

हलक्या गोळ्यांत जोर कमी, त्यामुळे सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत पुढची गोळी आपोआप चढायची नाही, ती सारखी अडकायची. "भावजी, परत अडकली!" म्हणत सुलभा हसायची, की हे धावलेच. माझा प्रत्येक बार नीट सुटला. बघायला कुणी नव्हतं. खांदा काळानिळा पडला.

यंदा फटाके बघून निघताना ह्यांनी माझी घडीची खुर्ची घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या, मी खमकी आहे," म्हणत मी ती त्याच खांद्यावर घेतली.

ह्यांना काहीच आठवलं नाही.