बिनवासाचा लसूण

आमच्या किचनमध्ये तिला सगळे फौजदारीण म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? पार्ट्यांसाठीचा ब्रुशेटा तिच्याकडे असायचा. कडक पावाचे जाड काप भाजायचे, गरम असतानाच त्यांवर कच्च्या लसणाची पाकळी घासायची, ऑलिव्ह तेल शिंपडायचं आणि वर पाणी निथळलेला टोमॅटो रचायचा. काम एवढंच, पण तिचा हात लागला की पाहुणे जेवण विसरून ट्रेमागे फिरायचे. मी शेजारच्या टेबलावर भाज्या चिरते. त्यामुळे तिच्या संशयाचा पहिला मान माझा.

या खेपेला तिचा राग लसणावर होता.

“याला वासच नाही,” पाकळी नाकाशी धरून ती म्हणाली. “तू बदललास ना?”

“बदलून काय त्याचा हार घालू?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच स्वतःच्या पिशवीत डोकावून आले.

मग तिनं भाजीवाला बदलला. नव्याचाही लसूण तसाच, त्याच्या पुढच्याचाही तसाच. सगळ्या भाजीवाल्यांचं आतून साटंलोटं आहे, असं तिनं जाहीर केलं. वास येईना म्हणून ती पाकळी दुप्पट घासू लागली, मग तिप्पट. शेवटी एका समारंभात एक पाहुणी पहिल्याच घासाला खोकत सुटली. मालकांनी बजावलं, “आणखी एक तक्रार आली तर हे टेबल दुसऱ्या कोणाला तरी देईन.”

मला वाईट वाटलं. नवरा गेल्यापासून तिचं स्वतःचं म्हणावं असं ते टेबलच होतं. घर दिराचं, ओटा जावेचा.

दुसरं कोण, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं. धाकटी जाऊ आमच्याकडेच ट्रे बाहेर पोचवायची.

“केसानं गळा कापेल ती,” फौजदारीण माझ्या कानाशी लागली. “ट्रे घेऊन आधी मागच्या खोलीत जाते. सरळ बाहेर का नाही जात?”

खोटं कशाला बोलू, ते मीही पाहिलं होतं. माझ्याही मनात पाल चुकचुकली.

पुढच्या मोठ्या पार्टीला फौजदारीण जावेच्या मागोमाग गेली आणि मी तिच्या मागोमाग. जाऊ रंगेहाथ सापडली. ट्रेमधले काप बाजूला टाकून ती स्वतः केलेले दुसरे काप रचत होती, भराभरा, दाराकडे पाठ करून.

“बघा हो साहेब, बघा!” फौजदारणीनं किचन डोक्यावर घेतलं. “माझा माल फेकते ही!”

मालक आले. टाकलेल्यातला एक काप त्यांनी तोंडात घातला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. “हे कोणी केलंय?”

“मी,” जाऊ म्हणाली.

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

जावेनं मान हलवली आणि अ‍ॅप्रनची गाठ सोडायला घेतली.

फौजदारीण गोंधळली. “खोटं का बोलतेस गं? हे काप माझे आहेत.” तिनं टाकलेल्यातलाच एक काप उचलून खाल्ला. त्या खोलीत नुसतं उभं राहून माझं नाक झोंबत होतं. ती शांतपणे चावत राहिली.

“जाऊबाई,” जाऊ हळूच म्हणाली, “परवा दूध जळून पातेलं काळं झालं. सगळं घर वासानं भरलं होतं. तुम्ही ओट्यापाशीच बसला होतात.”

फौजदारीण आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. या वेळी संशय घ्यायला कोणी उरलंच नव्हतं.

“साहेब, हिला काढू नका,” ती म्हणाली. “मला वास येत नाही. कशाचाच येत नाही.”

मालकांनी डोळे पुसले. “टेबल कोणी सांभाळायचं ते दोघी ठरवा. मला ट्रे हवेत.”

ते गेले. फौजदारीण टेबलाशी आली, गरम काप घेतला, त्यावर पाकळी एकदाच फिरवली आणि तो जावेपुढे धरला.

“खाऊन सांग. आणि खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको.”

जावेनं घास घेतला, चावला.

“अजून एकदा घासा,” ती म्हणाली.

फौजदारणीनं पाकळी उचलली आणि घासली.