इंजिनावरचं कुंकू

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुणाच्या शेडमध्ये ताडपत्री टाकलेली जुनी मोटार दिसली की मी अजून नजर फिरवून पुढं जातो. नोकरीत चोर, दरोडेखोर, खुनी पुष्कळ पाहिले. त्यांनी माझी झोप कधी उडवली नाही. ती उडवली एका विलायती मोटारीनं आणि ती दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचं तर नाहीच. तालुक्यातल्या एका वजनदार पुढाऱ्याच्या घरी निजामाच्या काळातली मोटार होती. आजोबांनी हौसेनं घेतलेली, आता कित्येक वर्षं शेतातल्या पत्र्याखाली उभी. पुढाऱ्यानं ती विकायचं ठरवलं आणि केज रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे दुरुस्तीला दिली. मिस्त्री साठीचे, अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. आठ महिने खपून त्यांनी ब्रेक, वायरिंग, गाद्या, रंग असं सगळं केलं आणि मोटार चालती करून दिली.

मग मुंबईहून गिऱ्हाईक आलं. त्यानं सोबत जुन्या मोटारींचा एक पारखी आणला होता. त्या माणसानं चुंबक फिरवून मूळ पत्रा कुठं आहे आणि पुट्टी कुठं भरली आहे ते सांगितलं, काचांच्या कोपऱ्यातले शिक्के भिंगातून पाहिले, आणि शेवटी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि इंजिन यांच्यावरचे नंबर जुन्या कागदाशी ताडले. चासीचा जुळला, इंजिनाचा जुळला नाही. "गाडी अस्सल आहे," तो म्हणाला, "पण इंजिन हिचं नाही. आहे त्याच काळातलं, पण हलक्या गाडीचं." मोटारीची किंमत निम्म्याहून खाली आली.

त्याच दुपारी पुढारी माझ्यासमोर येऊन बसला. "आठ महिने गाडी त्याच्याकडं व्हती, साहेब. माजं अस्सल इंजन इकलं अन् हे डबडं बसवलं. दुसरं कोन करनार?"

मलाही दुसरं कोण करणार ते दिसेना. विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला, मोटार मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आली. पंचनामा लिहिताना हवालदार पेन थांबवून म्हणाला, "साहेब, अंदाजे किंमत काय लिहू?" आयुष्यभर सायकली, म्हशी आणि सोन्याच्या पोतींची किंमत लिहिलेले आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. शेवटी पारख्याला विचारून आकडा लिहिला आणि तो दोनदा वाचला. एखादा दिवा जरी कुणी काढून नेला असता तरी माझी पेन्शन गेली असती. मी मोटारीवर पहारा बसवला आणि तरीही दर तासाला उठून बघून येत होतो.

मिस्त्रींना मी स्वतः त्यांच्या दुकानातून आणलं. चार गिऱ्हाइकं उभी होती, शेजारचा चहावाला बघत होता. जीपमध्ये बसताना त्यांनी फक्त हात पुसायला फडकं मागितलं.

"इंजिन कुणाला विकलंस?" मी विचारलं. चौकशीत मी सगळ्यांना अरेतुरेच करायचो.

"म्या इंजन उतरवलंच न्हाई, साहेब. वरचं हेड तेवढं खोललं."

"सगळी गाडी लख्ख केलीस, मग इंजिन खालून इतकं घाण कसं? नंबर झाकायला?"

"घरच्या आज्जी म्हनल्या, त्यावरचं कुकू पुसू नका. दर दसऱ्याला त्या लावत्यात. आमी बौद्ध मानसं, आमच्यात कुकू लावत न्हाईत. पन त्यांची श्रद्धा हाय, मी कावून पुसू?"

मी हसलो. हवालदारही हसला. "बहाणा तरी बरा शोधायचा होतास," असं मी म्हणालो. ते हसणं आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. आम्ही भंगारवाले धुंडाळले, अंबाजोगाईपर्यंत माणसं पाठवली. इंजिन घेणारा कुणी सापडेना. मिस्त्रींना साखरेचा आजार. ते जेवेनात. डॉक्टर आणून दाखवले, त्यांच्या बायकोनं आणलेली भाकरी आत पाठवली, तीही तशीच परत आली. त्यांची बायको फाटकाशी लिंबाखाली बसून होती, आणि प्रत्येक वेळी मी बाहेर आलो की उभी राहायची. पुढाऱ्याचा फोन तासातासाला यायचा, "कबूल झाला का?" मला मात्र भलतीच धास्ती लागली होती. ह्या माणसाला कोठडीत काही झालं तर? आणि त्यानं काही केलेलंच नसलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात आलो. वरिष्ठांची तपासणी तोंडावर होती म्हणून एक शिपाई रायफली साफ करत बसला होता. रॉकेलचं फडकं आणि काडी घेऊन तो एका स्क्रूची खाच कोरत होता आणि पुटपुटत होता.

"काय झालं रे?"

"दसऱ्याच्या शस्त्रपूजेचं कुकू, साहेब. तेलात मुरलंय. एका वर्साचं हाय, पन लई चिवट, निघंना झालंय."

एका वर्षाचं कुंकू निघेना, मग इंजिनावरचं दर दसऱ्याचं कुंकू इंजिन बदलणाऱ्याला दिसल्याशिवाय राहील का? मी टॉर्च घेऊन मोटारीकडे जवळजवळ पळतच गेलो.

हात न लावता वाकून पाहिलं. गावातच थांबलेल्या पारख्याला बोलावलं, दोन पंच बोलावले आणि बॉनेट उघडून सगळ्यांसमोर तपासणी केली. इंजिन ज्या बोल्टांनी चासीला आवळलेलं होतं, त्यांच्यावर तेलकट काळपट थर होता. पारख्यानं एका कडेला पात्यानं खरवडलं. काळ्याखाली लाल निघालं, त्याखाली पुन्हा काळं, पुन्हा लाल. तो थर बोल्टच्या डोक्यावरून चासीच्या लोखंडावर अखंड गेलेला होता, कुठंही चीर नव्हती.

पारख्यानं पातं पुसून ठेवलं आणि म्हणाला, "मी फक्त नंबर पाहिला, साहेब. हे पाहिलंच नाही. बोल्ट खोलले असते तर हा थर तुटला असता. हे इंजिन कित्येक वर्षांत हललेलं नाही."

मी तडक पुढाऱ्याच्या घरी गेलो. मिस्त्रींनी सांगितलेली आज्जी म्हणजे त्याची आई, ती ओसरीवर शेंगा निवडत होती. मी तिच्यासमोर बसून विचारलं.

"मी सून म्हनून आले तवापासून ह्याच इंजनाला कुकू लावते," ती म्हणाली. "मामंजी सांगायचे, पयलं इंजन त्यांनी दुष्काळात हिरीवर पानी उपसायला बसवलं. ते तिथंच जळून गेलं. मग हैद्राबादहून हे आनलं."

पुढारी दारात उभा होता. "आई, तू मला कदी बोलली न्हाईस!"

"तू गाडी इकायला काढलीस, तवा तरी मला इचारलं का? अन् मिस्त्रीला धरलंय हे बी मला आत्ता ह्या साहेबांकडूनच कळतंय."

तिचा जबाब घेतला. न्यायालयात अहवाल गेला आणि मिस्त्री सुटले. माझ्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं. आठवड्यानं सहज दुकानावरून गेलो तर आत एकही गाडी नव्हती. होत्या त्याही लोकांनी ओढून नेल्या होत्या.

"मिस्त्री, तुम्ही निर्दोष आहात असा कागद आहे ना तुमच्याकडे," मी म्हणालो.

"कागद कोन वाचतंय, साहेब? नेताना मातर समद्यांनी बगितलं."

मला लाज वाटली. मी ठरवलं, सगळ्यांसमोर यांच्या दुकानात बसायचं. दुसऱ्या दिवशी पूर्ण वर्दीत गेलो, बाकावर बसलो, चहा मागवला. एक मोटारसायकलवाला दुकानाकडे वळला, मला पाहिलं आणि गाडी तशीच फिरवून निघून गेला. चहावाला पोऱ्याला दबक्या आवाजात म्हणाला, "पुन्ना उचलाया आलेत का बे?" मी अर्धा कप टाकून उठलो. अब्रू परत द्यायला गेलो आणि उरलीसुरली घेऊन आलो.

नंबर जुळत नव्हता हे खरंच होतं. पण इंजिन कधी बदललं हा साधा प्रश्न मी विचारलाच नाही, आणि ज्या बाईला उत्तर माहीत होतं तिच्या ओसरीवर मी अटकेआधी पाच मिनिटंही बसलो नाही. ह्या एवढ्या आळसानं एका माणसाचं दुकान बसलं. पुढच्या नोकरीत मी घरातल्या बायकांचा जबाब घेतल्याशिवाय एकही अटक केली नाही.

शेवटी उपाय माझ्या बायकोनं काढला. रविवारी साध्या कपड्यांत आम्ही दोघं आमची खटारा स्कूटर ढकलत भर रस्त्यानं मिस्त्रींच्या दुकानात गेलो. त्यांनी स्कूटर पाहिली, क्लच प्लेट गेल्याचं सांगितलं, मजुरी सांगितली. बायको कमरेवर हात ठेवून कडाडली, "एवढे? लुटायला बसलात का?" येणारे-जाणारे मला ओळखून थबकले. मी मान खाली घातली.

कोठडीत दोन दिवस ज्या माणसाचा आवाज एकदाही चढला नव्हता, ते मिस्त्री पाना हातात घेऊन उभे राहिले आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले, "परवडत नसंल तर दुसरीकडं दाखवा, वैनी! ह्या हातानं कदी कुनाचा खिळा घेतला न्हाई अन् रुपाया सोडला न्हाई!"

रस्त्यावरचे लोक हसले. त्यातला एकजण मोटारसायकल स्टँडला लावत म्हणाला, "वैनींचं झालं की माजी बी बगा, मिस्त्री." बायकोनं सांगितली तेवढी मजुरी दिली आणि मी डोळे पुसायला स्कूटरच्या मागं गेलो.