भंडारा न लागलेल्या दोन पिशव्या

भामाबाईंच्या कनवटीला भंडाऱ्याची पुरचुंडी नाही असा दिवस मी पाहिला नाही. कोकरू जन्मलं, की आधी त्याच्या कपाळाला भंडारा. नवी घागर आली, की तिला. मी लग्न होऊन शेजारी आले तेव्हा माझ्याही कपाळावर त्यांनी बोट फिरवलं होतं. म्हणाल्या, "बिरोबा राखंल तुला." मला बरं वाटलं होतं. आमच्या घरचाही देव तोच.

त्यांचा एकुलता मुलगा बिराप्पा तीन वर्षांपूर्वी गेला. मेंढरं घेऊन शिरवळजवळ हायवे ओलांडत होता, ट्रकनं त्याला आणि निम्म्या कळपाला उडवलं. उरलेली मेंढरं विकली. घरात राहिल्या भामाबाई आणि सून दीपमाला. मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी दीपमालाला दोनदा बोलावलं. ती म्हणाली, "माझ्यामागं आत्तीला कोण हाय?" तो विषय तिथंच संपला.

ती तासगावच्या बाजूला एका बेदाण्याच्या शेडवर जायला लागली. हिरवा रंग टिकावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. दोन हंगाम ती त्या धुरात वावरली. पहिल्या वर्षी खोकला लागला. दुसऱ्या वर्षी नाकाला वास येणंच बंद झालं. दूध करपलं तरी कळायचं नाही तिला. तिसरा हंगाम धुरात काढला तर छाती कायमची निकामी होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणून तिनं अळिंबी लावायची ठरवली. अळिंबी म्हणजे मशरूम. बचत गटातून आम्ही दोघी तीन दिवसांच्या वर्गाला गेलो होतो. माघात शेडचा टेम्पो गावात यायच्या आत माल निघाला, तर तिला त्यात चढावं लागणार नव्हतं.

भामाबाईंना ऐकून हसूच आलं. "कुत्र्याची छत्री घरात लावणार तू? उकिरड्यावर फुकट उगवती की ती."

"ही खायची असती, आत्ती. हॉटेलवाले घेत्यात."

"घेऊ द्यात. छत्री झाली, आता खाली बांधायला कुत्रं कुठनं आणायचं ते सांग."

हसल्या, पण दुसऱ्या दिवशी कोकरांची रिकामी खोली त्यांनीच झाडली आणि चुन्यानं पोतारली.

शिकवणाऱ्या ताईंनी आम्हाला एक गोष्ट तीनतीनदा सांगितली होती. काड उकळत्या पाण्यातून काढल्यावर त्यात बियाणाशिवाय काहीही जाता कामा नये. दीपमालानं ते मनावर घेतलं होतं. गव्हाचं काड बोटभर लांबीचं तोडलं. रात्रभर भिजवलं. सकाळी अंगणात तीन दगडांवर मोठा ड्रम चढवला, काड पोत्यांत भरून त्यात दाबलं आणि तासभर जाळ कमी होऊ दिला नाही. मग निंबाच्या सावलीत धुतलेली ताडपत्री टाकून त्यावर काड पसरलं. शेवटचं एक पोतं निथळायला फांदीला टांगून ठेवलं. मूठभर काड घेऊन पिळायचं. थेंब पडला नाही पण तळवा ओलसर झाला, की ते भरायला तयार. ती दर थोड्या वेळानं मूठ पिळून बघायची.

बियाणं एसटीनं येणार होतं. ती स्टँडवर गेली. जाताना म्हणाली, "आत्ती, कोंबड्या येऊ देऊ नगा. आन हात लावू नगा."

"न्हाई लावत बाई. सोवळं हाय तुझं."

ती आली, मी मदतीला गेले. पिशवीत चार बोटं काड, कडेनं बियाणं, परत काड, वरून दाबायचं. ताडपत्रीवरच्या काडाच्या अठरा पिशव्या झाल्या, टांगलेल्या पोत्यातल्या दोन. तोंडं बांधली, सुईनं भोकं पाडली आणि अंधाऱ्या खोलीत दोऱ्यांना टांगल्या. ते करताना मला हळदीचा वास येत होता. पण भामाबाई जवळ असल्या की तो वास नेहमीचाच, म्हणून मी काही बोलले नाही. ते अजून माझ्या मनाला लागतं.

वीस दिवसांत पिशवी आतून दह्यासारखी पांढरी व्हायला हवी. विसाव्या दिवशी दोनच पांढऱ्या होत्या. अठरांतलं काड जसंच्या तसं होतं, खालून काळं पडत चाललं होतं. एकीला कुबट पाणी सुटलं होतं.

"माझाच जाळ कमी पडला," दीपमाला म्हणाली. दोन दिवस हेच म्हणत राहिली.

भामाबाई त्या दोन पांढऱ्या पिशव्यांकडे बघत उंबऱ्यात बसून असायच्या. तिसऱ्या दिवशी मी तिथं होते तेव्हा त्या बोलल्या.

"जाळ न्हाई कमी पडला. ह्या दोन्हीला भंडारा लागला न्हाई."

दीपमालानं मान वर केली.

"तू स्टँडवर गेलीस तवा मी काडाला लावला. लय लावला, ओंजळीनं. हातानं कालवला. नवं काम, देवाचं नाव नको व्हय? टांगलेल्या पोत्याला हात पुरला न्हाई. त्याबद्दल बिरोबाची माफी बी मागितली मी."

काड पिवळं, त्याचं पाणी पिवळं, भंडाराही पिवळा. कुणाच्या डोळ्याला दिसणार?

दीपमाला हातातली काडी सोलत राहिली. मग एवढंच म्हणाली, "मला वास कसा आला न्हाई?"

 का, ते आम्हा तिघींना माहीत होतं.

मी ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हळद बुरशीला मारते, आणि अळिंबी ही बुरशीच. नवं बियाणं महिन्याभरानं मिळालं असतं. तोवर ऊन चढतं, मग अळिंबी धरत नाही. दोन पिशव्यांतून चार-पाच पाट्या अळिंबी निघाली असती तर गोष्ट वेगळी होती. एक टोपलंसुद्धा भरलं नाही. आम्ही ती वाटून खाल्ली. भामाबाईंनी तोंडाला लावली नाही.

माघात टेम्पो आला. दीपमाला डबा घेऊन निघाली, तर भामाबाई आधीच आत बसलेल्या. शेडचा मुकादम लालासाहेब म्हणाला, "म्हातारे, उतर खाली. बेदाणा निवडताना त्यातली काडी दिसंल का तुला?"

"मेंढराच्या लोकरीतली गोचीड दिसती मला. तुझी काडी काय घिऊन बसलास."

टेम्पोतल्या बाया हसल्या. लालासाहेबही हसला.

"आत्ती, उतरा," दीपमाला म्हणाली.

"डॉक्टरनं तुला सांगितलंय. मला न्हाई." त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला आणि मांडीवर ठेवला. टेम्पो गेला. दीपमाला रस्त्यात उभीच होती.

हंगामभर त्या गेल्या. पहिल्या महिन्यात शेडवरच्या गमती सांगायच्या. दुसऱ्या महिन्यात बोलता बोलता खोकला मधे यायचा, मग सांगणं सोडलं. रात्री भिंतीपलीकडून मला तो खोकला ऐकू यायचा. मी देवाचं नाव घ्यायची. दुसरं काय करणार?

हंगाम संपल्यावर आम्ही तिघी बिरोबाला गेलो. भामाबाईंनी पायऱ्यांजवळ नवा भंडारा घेतला. देवाला उधळण्याआधी सवयीनं चिमूट नाकाशी नेली. थांबल्या. परत हुंगली.

"फसवलं गं दुकानदारानं. वासच न्हाई ह्याला. बघ की."

त्यांनी पुरचुंडी दीपमालापुढं धरली. दीपमाला वाकली, हुंगल्यासारखं केलं, आणि सरळ व्हायला तिला वेळ लागला.

"व्हय आत्ती. न्हाई वास."

मग पुरचुंडी माझ्यापुढं आली. मी हुंगलं. हळद ताजी होती. वास पार डोक्यात गेला.

"बदलून आणते मी," म्हणाले, आणि पुरचुंडी घेऊन पायऱ्या उतरले.