ए हिंगोली, सरक

डोंगरकडेवाली कुणाशी गोड बोलली असं मी कधी पाहिलं नाही. आजारी माणसाशी तर नाहीच नाही. माझ्याशी ती बोलली तो पहिला शब्द होता "सरक". मंगळवारची सकाळ, नांदेडची एसटी, मी हिंगोलीहून बसलेली, खिडकीशी. डोंगरकडा येईपर्यंत गाडी खच्चून भरलेली असते. त्या गर्दीतून कोपरं मारत एक हाडकुळी, साठीला आलेली बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, मावशी, माझं छातीचं ऑपरेशन झालंय, किमोच्या पहिल्या डोसला चाललेय. मला वाटलं तिला दया येईल. "मंग मी काय वरातीला चालले?" ती म्हणाली. "माझा तिसरा हाय. सरक." आणि बाकाच्या कडेवर अशी आदळली की मी सरकलेच.

तिने माझं नाव कधी विचारलं नाही. मी हिंगोलीची, म्हणून "ए हिंगोली". मीही मग तिला डोंगरकडेवालीच म्हणत राहिले, आणि मनात जे म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. दर तीन आठवड्यांनी आमचा वार एकच, गाडी एकच, त्यामुळे सुटका नव्हती. परतताना तर दर खेपेची मारामारी. डोस घेतल्यावर पोटात ढवळतं, खिडकी दोघींनाही हवी. नांदेडच्या स्टँडवर आम्ही दोन टकल्या बाया, उलट्या कुणाला जास्त होतात यावर तावातावाने भांडत उभ्या. कंडक्टर हात जोडायचा. जिंकायची तीच.

तेव्हा मला सगळ्या जगाचाच राग येत होता, खोटं कशाला बोलू? भेटायला येणाऱ्यांचा सर्वांत जास्त. हातात शहाळं आणि तोंडात कुणाची तरी जाऊ, तिलाही हेच झालं होतं, गेली बिचारी. हे ऐकवायला शहाळं आणायची काय गरज होती? माझ्या नणंदेने माझा पेला वेगळा केला, लेकरांना माझ्याजवळ येऊ देईना. दवाखान्यात एक गोड आवाजाची मुलगी आशावादी राहा, सकारात्मक विचार करा असं सांगून जायची, तिचाही राग यायचा. एकदा तिने डोंगरकडेवालीला विचारलं, मावशी, तुम्हाला आशा कशातून मिळते?

"आशा-बिशा मला कळत न्हाई, बाई," ही म्हणाली. "मला मंगळवार कळतो. हा झाला की पुढचा."

मुलगी हसून पुढे गेली. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन आले, आणि हिच्याकडून काही घरी न्यावं लागलं याचाही मला रागच आला.

गाडीत उभं राहायची वेळ आली की ती मला ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने वरचा दांडा धरायला लावायची. हात आखडला तर जन्माचा आखडतो, म्हणायची. मी कळवळायचे आणि ती दुसरीकडे बघायची.

मी घरी ब्लाउज शिवते. ऑपरेशननंतर स्वतःसाठी एका बाजूला आतून खिसा लावून, त्यात कापूस भरून ब्लाउज शिवला होता. नुसता कापूस हलका पडतो, वर चढतो, म्हणून त्यात थोडी मोहरी घातली होती. डोंगरकडेवालीने भर गाडीत बोट खुपसून पाहिलं आणि आत काय आहे विचारलं. मोहरी, मी म्हटलं. "फोडणी देऊन राहिली का?" म्हणाली. मी तिच्याशी नांदेडपर्यंत बोलले नाही. पुढच्या खेपेला तिने स्वतःचा मापाचा ब्लाउज माझ्या मांडीवर टाकला. मलाबी शिव, पण ह्या बाजूचा हात सैल ठेव, दंड सुजतो. आणि मग माझ्या कानाशी येऊन, "पहिल्यापेक्षा जरा बरं दिसू दे." मला इतकं हसू आलं की टाके दुखले. मी हसले म्हणून तिने मला आणखी झापलं.

तिसऱ्या डोसनंतर माझ्या तोंडात फोड आले, पाणीसुद्धा झोंबायचं. त्यातच घरात पुतणीचा साखरपुडा होता. नणंद म्हणाली, वहिनी, पाहुणे जाईपर्यंत तुम्ही आतल्या खोलीतच बसा, उगाच विचारपूस नको. तिने दार ओढून घेतलं. आत बसून मी पंगतीचा आवाज ऐकला आणि ठरवलं, बास. डोस अर्धवट सोडले तर दुखणं उलटतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उलटू दे, म्हटलं. कुणासाठी जगायचं, ह्या असल्या लोकांसाठी? नवऱ्याने विनवण्या केल्या, तर त्याच्याशी बोलणं सोडलं. सोमवारी डोंगरकडेवालीचा फोन आला. मी उद्या येणार नाही, पुढेही कधी येणार नाही, असं तिला सांगितलं. तिने एक शिवी दिली. मी फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी पुन्हा तिचाच फोन. हिंगोलीच्या स्टँडवर उभी आहे, ये, एवढंच बोलली. त्या दिवशी तिचा शेवटचा डोस होता, आणि नांदेडला जायचं सोडून ती पहिल्या गाडीने उलट्या दिशेने हिंगोलीला आली होती. माझं डोकंच फिरलं. आज हिला चार लोकांत सुनावतेच म्हटलं, आणि पदर ओढून तशीच निघाले. नांदेडची गाडी नुकतीच लागली होती. दाराशी रेटारेटी, लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या टाकून जागा धरत होते. तिने मला पाहिलं. डोक्याचा टॉवेल ओढून काढला आणि खिडकीतून आत सीटवर फेकला. भर स्टँडवर, सगळ्यांसमोर, तिचं ते तुळतुळीत डोकं उघडं. लोक वळून पाहायला लागले, दोघे-तिघे हसले.

"काय पाहून राहिले?" ती त्यांना म्हणाली. "जागा धरली." मग माझ्याकडे वळली. "भांडायला आली ना? गाडीत भांडू. खिडकी तुझी."

तिने खिडकी सोडायची ती पहिलीच वेळ. मी चढले. का चढले ते मला आजही नीट सांगता येत नाही. धीर आला असं काही नाही. घरचे मला आत बसवून दार ओढणारे, आणि ही माझ्याशिवाय जायला तयार नव्हती, एवढंच दिसत होतं. नवऱ्याने मागून धावत येऊन फाईल दिली. वाटभर आम्ही भांडलो. स्वतःचे डोस संपल्यावरही माझ्या उरलेल्या प्रत्येक डोसला ती डोंगरकड्याला चढली, आणि प्रत्येक वेळी मला सरकावं लागलं.

दोन वर्षं बरी गेली. तपासणीला आम्ही बरोबर जायचो. मग तिचे फोन थांबले. मी केला तर सून म्हणायची, झोपल्यात. मला संशय आला, मी सरळ डोंगरकड्याला गेले. ती बाजेवर होती. दुखणं पाठीच्या मणक्यात उतरलं होतं आणि तिने ते मला कळू दिलं नव्हतं. काहून सांगितलं नाही, मी विचारलं.

"तू बोंबलली असती."

बोंबललेच असते, मी म्हटलं.

"मंग बोंबल आता."

मी बोंबलले. तोंडाला येईल ते बोलले, रडत बोलले. मला ओढून गाडीत चढवलं आणि स्वतः गपचूप उतरून गेली, असली कसली बाई तू? सून दारातून डोकावून गेली. डोंगरकडेवाली डोळे मिटून सगळं ऐकत होती, आणि मला वाटतं तिला बरं वाटत होतं. शेवटी म्हणाली, झालं असंल तर पाणी पी. त्यानंतर पंधरा दिवसांत ती गेली. मला तिचा राग आहे, अजूनही आहे.

तिचे दिवस झाल्यावर मला अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. वॉर्डात, गाडीत, शेजारच्या तांड्यावर, जिथे कुठे अशी बाई भेटली तिथे तिने माझा नंबर वाटून ठेवला होता, मला एका शब्दाने न विचारता. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. मला शिवायची कामं असतात, लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते, आणि रडणाऱ्या माणसांचा मला कंटाळा आहे.

परवा सिद्धेश्वरकडची एक फोनवर रडून राहिली होती. पुढचा डोस घ्यायचा नाही म्हणाली. सासू नको म्हणते, लेकरू लहान आहे. हिंगोलीची बाई लई तोंडाळ हाय पण फोन उचलते, असं मावशी म्हणल्या होत्या, हेही सांगितलं. मावशीनं बराबर सांगितलं, मी म्हटलं, रडून झालं का? ती न्हाई म्हणाली. मग रड अजून, मी हाय इथंच. कात्री खाली ठेवली आणि थांबले. बऱ्याच वेळाने तिने नाक ओढलं.

"कधी हाय डोस?" मी विचारलं.

"उद्या."

"निघ मंग सकाळी. मी येते."