कडी नसलेलं दार

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या ऑफिसात डबा उघडत होते. "आई गेली," एवढंच त्यांचा मुलगा म्हणाला. डबा तसाच मिटला... महिना होऊन गेला, तरी ऑफिस सुटलं की पाय अजून त्यांच्या दाराकडेच वळतात. मेले पाय, त्यांना कोण सांगणार!

अक्का आमच्या शेजारीण. ऋचा दोन वर्षांची असताना तिला सांभाळणाऱ्या सासूबाई आजारपणामुळे यावलला परतल्या आणि मी नोकरी सोडायचं जवळजवळ ठरवलं. अक्का माझ्यावर डाफरल्या. "सोडून काय करशील? मी घरातच पाळणाघर काढते." काढलं तेही अगदी नियमानं. सिलिंडर बाहेर गेला, खालचे प्लग बंद झाले, कूलरला अर्थिंग झालं, औषधं माळ्यावर चढली. भिंतीवर आग विझवायचं नळकांडं लागलं तेव्हा त्यांचे यजमान नाना म्हणाले, "आता घरात धोकादायक असा मीच उरलो." अक्का हसल्या नाहीत.

पाळणाघर सुरू व्हायच्या आदल्या दुपारी ऋचा खेळता खेळता न्हाणीत शिरली आणि तिनं आतून कडी लावली. खालची कडी, तिच्या हाताला येणारी! इतकं सगळं तपासलं, पण ती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. आत काठोकाठ भरलेला टब. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येणार, मग रिकामं भांडं कोण ठेवतो? मी वेड्यासारखी दार बडवू लागले, आत पोर किंचाळू लागली. अक्कांनी मला बाजूला ओढलं, फरशीवर आडव्या झाल्या आणि दाराखालच्या फटीला तोंड लावून म्हणाल्या, "माय, मी आठेच शे." इथेच आहे, असं त्यांच्या अहिराणीत. हातातली सोन्याची पाटली काढून त्यांनी फटीतून आत सरकवली. रडणं थांबलं. फरशीवर पाटली वाजू लागली, टण्... टण्... नाना पहार आणायला धावले. "वाजव माय, मी आठेच शे," अक्का म्हणत राहिल्या.

मग पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. डुबुक. त्यानंतर काहीच नाही.

नानांनी पहारीनं दार उचकटलं. ऋचा टबाच्या काठावर पोटावर ओणवी होऊन बुडालेली पाटली शोधत होती. केस भिजलेले, पाय जमिनीवरून सुटलेले... अक्कांनी झडप घालून तिला ओढलं आणि तिथेच मटकन बसल्या. "मीच दिली ना गं ती पाटली," एवढंच कितीतरी वेळ म्हणत होत्या.

पाळणाघर दुसऱ्या दिवशी उघडलं नाही. आधी घरातल्या बठ्ठ्या, एकूण एक कड्या निघाल्या, न्हाणीतला टब कायमचा पालथा पडला. त्यानंतर दार नुसतं लोटायचं आणि बाहेरून अक्कांनी "आत कोण?" विचारलं की ओरडायचं, "मी शे!" अक्कांचा नवा जावई राहायला आला होता, बिचारा दोन दिवसांत पळाला! माझी नोकरी मात्र टिकली. ऋचा तिथेच वाढली.

परवा आम्ही दोघी त्या घरी गेलो. ऋचा आता जळगावला कॉलेजात शिकते. दिवसकार्याला पाहुणे फार होते, म्हणून अक्कांच्या मुलानं तेव्हाच न्हाणीला नवी कोरी कडी बसवली होती. ऋचा आत गेली. कडी वाजली नाही. जरा वेळानं आतून आवाज आला, "आई, तू बाहेर आहेस ना?"

एवढी घोडी झाली, तरी विचारलं तिनं. मी मूळची नागपूरची, इतकी वर्षं इथं काढून मला अहिराणी धड बोलता येत नाही. दाराला हात लावून म्हटलं, "मी आठेच शे."